लिंकनच्या देवळात चपला काढाव्यात का?

आई पहिल्यांदा आमच्याकडे मेरीलँडला आली तेव्हा तिचा जेट लॅग उतरायच्या आतच आम्ही तिला वॉशिंग्टन दाखवायला नेलं. तुमच्यापैकी जे या बाजूला राहतात त्यांना हा कार्यक्रम पाठ असेल. पार्किंगसाठी तीन चकरा, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, कॅपिटलसमोर फोटो, एखादं म्युझियम, आणि पाय बोलायला लागले की शेवटी लिंकन मेमोरियल. आई गुडघ्यांवर हात ठेवत सगळ्या पायऱ्या चढली. वर खांबांपाशी पोचल्यावर थांबली, आत पाहिलं आणि वाकून चपलांचे पट्टे सोडायला लागली.

"अगं, इथे नाही काढायच्या."

"का? आत मूर्ती आहे की."

मी हसलो, मुलीने फोटो काढला आणि पुढचे काही महिने तो किस्सा आमच्या पॉटलकना पुरला. पण त्यानंतर मी तिथे जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा मला वाटलं की त्या दिवशी जमलेल्या गर्दीत ती वास्तू बरोबर ओळखणारी बहुधा आईच होती.

कारण ते देऊळच आहे. हेन्री बेकन या वास्तुकाराने अथेन्सचं पार्थेनॉन समोर ठेवून ते रचलं. भोवती ३६ डोरिक खांब, लिंकन गेला तेव्हा संघराज्यात होती तेवढ्या राज्यांचे. आत, आपण ज्याला गाभारा म्हणू तिथे, डॅनियल चेस्टर फ्रेंचने घडवलेली १९ फूट उंचीची बैठी मूर्ती, जॉर्जियातल्या पांढऱ्या संगमरवराचे २८ तुकडे जोडून केलेली. तोंड पूर्वेला. आणि एवढं करूनही कुणाला शंका राहू नये म्हणून मूर्तीच्या मागच्या भिंतीवर जे वाक्य कोरलंय त्यात या जागेला सरळसरळ 'टेंपल' म्हटलंय. बेकनने मूळ नमुन्यात एक मोठा फरक केला. ग्रीक देवळाचं दार अरुंद बाजूला असतं, त्याने ते लांब बाजूला आणलं. त्यामुळे हा देव आत अंधारात दडत नाही, खालच्या पटांगणातल्या सगळ्या गर्दीला समोरासमोर दिसतो. या फरकाचा पुढे केवढा उपयोग झाला ते सांगतोच.

हा विषय आत्ता डोक्यात येण्याचं कारण वेगळं आहे. २८ मे २०२३ ला दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तमिळ मठाधिपतींच्या मंत्रोच्चारात सेंगोल लोकसभेत ठेवला गेला, आणि इथल्या आमच्या व्हॉट्सअॅप गटांत दोन तट पडले. तुमच्याकडेही पडले असतील. एका तटाचं म्हणणं, धर्म आणि राज्य वेगळं कसं ठेवायचं ते अमेरिकेकडून शिका. दुसऱ्याचं म्हणणं, अमेरिका तरी कुठे वेगळं ठेवते, नोटेवर काय छापलंय बघा. दोन्हीकडचे लोक इथे वीस-वीस वर्षं राहिलेले, पाहुण्यांना घेऊन दरवर्षी राजधानीत जाणारे. आणि माझं मत असं झालंय की पहिल्यांनी कॅपिटलमध्ये मान वर करून कधी पाहिलेलं नाही आणि दुसऱ्यांनी लिंकनच्या उजव्या-डाव्या भिंती कधी वाचलेल्या नाहीत.

आधी मान वर करू. अमेरिकेच्या राज्यघटनेत देवाचं नाव नाही. कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, हे मूळ कलमांतच आहे. राज्याचा अधिकृत धर्म असणार नाही ही पहिली घटनादुरुस्ती १७९१ च्या डिसेंबरात मंजूर झाली. त्याच १७९१ साली पिएर लांफां या फ्रेंच इंजिनियरने नव्या राजधानीचा आराखडा वॉशिंग्टनपुढे ठेवला, आणि त्या आराखड्यात कॅपिटल आणि राष्ट्राध्यक्षांचं घर यांच्या मधोमध एक राष्ट्रीय चर्च होतं! कुठल्याही एका पंथाचं नाही, सगळ्यांना खुलं. सार्वजनिक प्रार्थना, मोठ्या माणसांच्या अंत्यसमयीची भाषणं, युद्धात पडलेल्यांची स्मारकं, हे सगळं एका छपराखाली. ते चर्च कधी बांधलंच गेलं नाही. १८३६ पासून त्या जागेवर उभं राहायला लागलं ते पेटंट ऑफिस. लोकांनी लावलेल्या शोधांची छोटी छोटी मॉडेलं तिथे काचेच्या कपाटांत मांडलेली असायची आणि यादवी युद्धात त्याच कपाटांच्या मधल्या वाटांवर जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. आज तिथे पोर्ट्रेट गॅलरी आहे. (उन्हाळ्यात पाहुण्यांना जरूर न्या. आत छानपैकी छप्पर घातलेलं अंगण आहे, गर्दी नसते, आणि तिकीट नाही.)

चर्च गेलं म्हणून देवपण गेलं नाही. ते इमारतींमध्ये विखुरलं. १८३२ मध्ये काँग्रेसने होरेशिओ ग्रीनोकडून जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा मागवला. त्याने ऑलिंपियाच्या झ्यूसवरून तो घडवला: कमरेपर्यंत उघडा, पायात सँडल, एक हात आकाशाकडे. १८४१ मध्ये तो कॅपिटलच्या घुमटाखाली बसवला आणि लोकांना हसू आवरेना. आयुष्यभर गळ्यापर्यंत बटणं लावलेला हा व्हर्जिनियाचा जमीनदार, त्याला टॉवेल गुंडाळून बसवलेलं. वॉशिंग्टनचे कपडे तेव्हा पेटंट ऑफिसात प्रदर्शनात ठेवले होते. हा हात लांब करून तेच मागतोय, असा विनोद गावभर झाला. दोन वर्षांत पुतळा बाहेर हिरवळीवर गेला. आता तो अमेरिकन हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

पण जे घुमटाखाली जमलं नाही ते घुमटाच्या आत जमलं. कॉन्स्टंटिनो ब्रुमिडी हा इटालियन चित्रकार पूर्वी व्हॅटिकनमध्ये काम केलेला. त्याने १८६५ मध्ये रोटंडाच्या जमिनीपासून १८० फूट उंचीवर जे भित्तिचित्र काढलं त्याचं नावच 'अपथिओसिस ऑफ वॉशिंग्टन', म्हणजे वॉशिंग्टनला देवत्व मिळणं. मधोमध जांभळ्या वस्त्रात, ढगांवर बसलेला वॉशिंग्टन, भोवती मूळच्या १३ राज्यांच्या १३ तरुणी. कडेने रोमन देवतांचा दरबार. मिनर्व्हा बेंजामिन फ्रँकलिनला शिकवतेय. सेरीस धान्य कापायच्या यंत्रावर बसलीय. व्हीनसच्या हातात अटलांटिकखालून टाकायची तारेची केबल आहे. मर्क्युरी रॉबर्ट मॉरिसच्या हातात पैशांची थैली ठेवतोय. हे पाहताना मला हटकून आपल्याकडच्या कॅलेंडरांची आठवण येते, ज्यांत लक्ष्मीच्या बाजूला साखर कारखान्याची चिमणी असते. चित्र वाईट नाही, त्यात लबाडीही नाही. पण त्या दरबारात राष्ट्राला प्रश्न विचारणारं कुणी नाही. सगळे देव कामाला लावलेत. राष्ट्र जे करायचं ठरवेल त्याला वरून फुलं पडणार, एवढंच त्यांचं काम. आणि सालही विसरू नका: १८६५. खाली देश सहा लाखांहून अधिक माणसं मारून नुकता थांबला होता.

वॉशिंग्टन मॉन्युमेंटचं काय? इजिप्तमध्ये असा स्तंभ सूर्यदेवाचा. इथे तो कुणाचाच नाही. इतका कुणाचाच नाही की लोकांना त्यात फ्रीमेसनांची गुपितं दिसतात, रस्त्यांत चांदण्या दिसतात, आणि डॅन ब्राऊनची कादंबरी विकली जाते. मेसन होतेच, कॅपिटलची कोनशिला १७९३ मध्ये वॉशिंग्टनने मेसनांचा अॅप्रन घालून बसवली, त्यात गुपित काहीच नव्हतं. खरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. या स्तंभासाठी देशोदेशीहून शिळा आल्या, तुर्की सुलतानानेही एक पाठवली. पोप नववे पायस यांनी रोमच्या प्राचीन देवळातला संगमरवर पाठवला. कॅथलिक स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या, 'नो-नथिंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्षाच्या लोकांनी मार्च १८५४ मध्ये रात्री येऊन तो दगड पळवला. पुढे त्यांनी स्मारकाची संस्थाच ताब्यात घेतली, देणग्या आटल्या, काम बंद पडलं, मग युद्ध आलं. पंचवीस वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिल्यासारखा दगड मिळाला नाही. साधारण १५० फुटांवर रंग बदलतो तो त्यामुळे. पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा ती रेघ पाहा. ५५५ फुटांच्या त्या निर्धर्मी स्तंभावर धर्मद्वेषाची खूण आहे, आणि ती कुणी कोरलेली नाही. टोकावर १८८४ मध्ये अॅल्युमिनियमची टोपी बसवली, तिच्या पूर्वेकडच्या अंगावर लॅटिनमध्ये देवाची स्तुती आहे. वाचायला तिथे फक्त पक्षी.

जेफरसन मेमोरियल मी भराभर उरकतो, कारण चेरीची फुलं सोडली तर मला ते कधी आवडलं नाही. रोमच्या पॅन्थिऑनची, म्हणजे सर्वदेव मंदिराची नक्कल, १९४३ ची. आत मात्र घुमटाच्या कडेने एक वाक्य गोल फिरतं: देवाच्या वेदीपाशी घेतलेली शपथ, माणसाच्या मनावरच्या प्रत्येक जुलमाशी वैर धरण्याची. वरवर पाहिलं तर भक्तिभाव. पण ते ज्या पत्रातून घेतलंय त्यात जेफरसनचा रोख धर्मगुरूंवर होता, आपल्या पंथाला राज्यमान्यता मिळेल अशी आशा लावून बसलेल्या पाद्र्यांवर. भिंतीवर पत्राचा तेवढा तुकडाच आलाय, पाद्री गळलेत.

आता लिंकनकडे परत येऊ, कारण मला जे म्हणायचंय ते तिथेच आहे.

मूर्तीमागचं ते 'टेंपल'वालं वाक्य रॉयल कॉर्टिसोझ नावाच्या कलासमीक्षकाने लिहिलं. लिंकनने संघराज्य वाचवलं, एवढंच त्यात आहे. गुलामगिरीचा शब्द नाही, आणि तो विसरलेला नाही. गुलामगिरीबद्दल काही न बोलल्याने जुन्या जखमा चोळल्या जाणार नाहीत, असं त्याने बेकनला कळवलं होतं. म्हणजे देव असा घडवायचा की उत्तर-दक्षिण दोघांनाही नमस्कार करता यावा. वर ज्यूल्स गेरिनच्या भित्तिचित्रात एक देवदूत गुलामांना मुक्त करतो हे खरं, पण तो इतका उंच आणि इतका मळका झालेला की गाइडने दाखवल्याशिवाय दिसत नाही.

३० मे १९२२ ला अर्पण सोहळा झाला. स्मारक समितीचे अध्यक्ष माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट, प्रमुख पाहुणे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग, लिंकनचा म्हातारा मुलगाही हजर. कृष्णवर्णीयांच्या वतीने टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन बोलले. त्यांच्या भाषणाचा मसुदा समितीने आधी मागवला आणि त्यातला बोचणारा भाग काढायला लावला. आणि जे कृष्णवर्णीय निमंत्रित होते त्यांना वेगळ्या, दोर लावलेल्या जागेत बसवलं, सैनिकांच्या पहाऱ्यात.

माझी आई नाशिकची. पंचवटीतली. हा प्रसंग वाचला तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं ते तुम्हाला सांगायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारांपुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, पुढे जवळपास पाच वर्षं चालला, आणि तेवढा काळ सत्याग्रहींना दार बंदच राहिलं. आमच्या घरात त्या देवळाच्या गोष्टी खूप ऐकल्या. रथाच्या, रामनवमीच्या, काळ्या पाषाणाच्या. ही गोष्ट मात्र मला शाळेच्या पुस्तकाने सांगितली, घराने नाही. त्यामुळे १९२२ च्या त्या दोराबद्दल वाचताना अमेरिकन लोकांना नावं ठेवायची माझी हौस बरीच कमी झाली.

देऊळ बांधलं की त्याच्याबरोबर दोन गोष्टी येतात: एक मूर्ती आणि एक उंबरा. धर्माची चिन्हं राष्ट्राच्या वास्तूत आणावीत की नाहीत यावर वाद घालताना आपण मूर्तीबद्दलच बोलतो. सेंगोल कुणाचा, चक्र कुणाचं, सिंह कुणाचे. चक्र आणि सिंह अशोकाचे, म्हणजे बौद्ध परंपरेतले. लटेन्सने व्हाइसरॉयच्या वाड्यावर जो घुमट चढवला त्यात सांचीचा स्तूप शोधला जातो, आणि त्या वाड्यात आता आपले राष्ट्रपती राहतात. चिन्हं अशी हातोहात फिरत असतात. उंबऱ्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही: या देवळात पुढे कोण बसणार आणि दोराच्या पलीकडे कोण?

लिंकनच्या देवळाचा उंबरा बदलला तो समितीने नाही. १९३९ मध्ये मरियन अँडरसन या गायिकेला कृष्णवर्णीय म्हणून कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला गेला. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, ती लिंकनच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली, समोर सुमारे ७५,००० माणसं, गोरी-काळी एकत्र, दोर नाही. बेकनने दार लांब बाजूला आणलं होतं, ते इथे कामाला आलं. गाणारीच्या मागे मूर्ती सगळ्यांना दिसत होती. लिंकनला गोळी लागली तो दिवस गुड फ्रायडे होता, आणि त्यानंतरच्या रविवारी कित्येक चर्चमध्ये त्याची तुलना ख्रिस्ताशी झाली होती. ईस्टरला तिथे उभं राहणं म्हणजे काय, हे त्या गर्दीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. २८ ऑगस्ट १९६३ ला मार्टिन ल्यूथर किंग उभे राहिले तेही तिथेच. जागा आता पायरीवर कोरून ठेवलीय. ती शोधायला लोक खाली बघत फिरतात, तेव्हा त्यांची पाठ मूर्तीकडे असते.

असंही कुणी म्हणेल की मग धर्माचं चिन्ह नकोच, कोरी भिंत बरी. कोरी भिंतही तिथून पाच मिनिटांवर आहे. माया लिन २१ वर्षांची विद्यार्थिनी असताना तिने व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाचा आराखडा केला. काळा चकचकीत ग्रॅनाइट, ५८,००० वर नावं, ना देव, ना झेंडा, ना वीरासन. १९८२ मध्ये उद्घाटन झालं. लगेच लोक तिथे पत्रं, बूट, पदकं, बिअरचे कॅन ठेवायला लागले आणि पार्क सर्व्हिस रोज ते उचलून जपून ठेवायला लागली. आईने तिथे काय केलं सांगू? एका नावावर बोटं टेकवली आणि ती कपाळाला लावली. तो दगड बंगळूरजवळच्या खाणीतला आहे हे मला बऱ्याच नंतर कळलं. थोडक्यात, चिन्ह काढून घेतलं म्हणून माणसं पूजा थांबवत नाहीत. मला ती भिंत वॉशिंग्टनमधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, पण ती धर्म टाळते म्हणून नव्हे. ती कुणाला आशीर्वाद देत नाही म्हणून.

आणि याच कारणासाठी लिंकनच्या देवळातली एक भिंत मला त्या मूर्तीपेक्षा मोठी वाटते. पुढे जाल तेव्हा मूर्तीसमोर सेल्फी झाला की आत उभं राहून दक्षिणेची भिंत सोडा, तिथे गेटिसबर्गचं भाषण आहे, ते शाळेत सगळ्यांना असतं. उत्तरेच्या भिंतीकडे वळा. ४ मार्च १८६५ चं, दुसऱ्या शपथविधीचं भाषण. कोरणाऱ्याने 'फ्यूचर'चा एफ चुकून ई कोरला होता, बुजवलेली आडवी रेघ अजून ओळखू येते. इतक्या अधिकृत वास्तूत ती चूक मला फार आवडते.

हे त्या शहरातलं सगळ्यात धार्मिक लिखाण आहे. बायबलची वचनं, प्रार्थना, ईश्वरी न्याय, सगळं त्यात आहे. पण ब्रुमिडीच्या छतावरचे देव आणि हा देव यांची ओळखदेख नसावी. लिंकन म्हणतो की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला साकडं घालतात, आणि दोघांचंही पूर्ण ऐकलं गेलेलं नाही. युद्ध जिंकत आलेला माणूस म्हणत नाही की देव आमच्या बाजूने होता. गुलामगिरीचं पाप फक्त दक्षिणेचं, असंही म्हणत नाही. हे युद्ध म्हणजे त्या पापाची दोघांना मिळालेली शिक्षा असेल, आणि चाबकाने काढलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबाची फेड तलवारीने होईपर्यंत ती चालणार असेल, तरी तो न्यायच म्हणावा लागेल, असं तो म्हणतो. कॉर्टिसोझने मूर्तीमागे जे लिहायचं टाळलं ते काही पावलांवर उजव्या बाजूला पूर्ण भिंतभर आहे. त्या संध्याकाळी व्हाइट हाऊसच्या स्वागत समारंभाला फ्रेडरिक डग्लस गेले तेव्हा पोलिसांनी त्यांना दारातच अडवलं. आत निरोप गेला, लिंकनने बोलावून घेतलं आणि भाषण कसं वाटलं म्हणून विचारलं. डग्लसनी त्याला पवित्र म्हटलं. उंबऱ्यावर अडवलेल्या माणसाने दिलेला हा शब्द मला मूर्तीमागच्या 'टेंपल'पेक्षा खरा वाटतो.

तेव्हा तुमच्या गटात पुन्हा वाद निघाला तर माझं मत असं नोंदवा: राष्ट्राच्या वास्तूत देव असला म्हणून मला भीती वाटत नाही. तो नेहमी आपल्याच बाजूने बोलत असला तर वाटते. दिल्लीतल्या नव्या इमारतीत अशी एखादी भिंत असावी, एवढंच मी मागेन.

आई गेल्या वर्षी परत आली. आता तिला पायऱ्या झेपत नाहीत, आम्ही लिफ्टने वर गेलो. मी काही बोललो नाही, तिने चपला काढून खांबापाशी ठेवल्या. मूर्तीला नमस्कार करून झाल्यावर मी तिला उत्तरेच्या भिंतीपाशी नेलं आणि जमेल तसं मराठीत वाचून दाखवलं. चाबकाच्या वाक्याला दोनदा अडखळलो. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"हे कधी म्हणाला तो? निवडून आल्यावर?"

"हो. शपथ घेताना."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"आणि लोकांनी ऐकून घेतलं?"

"एक्केचाळीस दिवसांनी गोळी घातली."

ती थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चपला बघ रे आहेत का जागेवर," आणि खांबाच्या दिशेने चालायला लागली.